विहिरीतील डासभक्षक मासा

पवना व इंद्रायणीच्या खोऱ्यात, चिंचवडपासून चाकणपर्यंत, कारखान्यांच्या शेजारी अद्यापि जुन्या विहिरी आहेत. अशा पाण्याच्या पृष्ठभागाशी बोटाएवढा मासा निश्चल उभा दिसल्यास त्याचे डोके पाहावे. त्यावर चमकणारा पांढरा ठिपका असेल, तर तो ॲप्लोचीलस लिनिएटस होय. फ्रेंच शास्त्रज्ञ वालान्सिएन याने मुंबईच्या नमुन्यांवरून १८४६ साली त्याचे वर्णन केले.

त्याचे डोके चपटे व तोंड वर वळलेले असते. त्यामुळे श्वासासाठी वर येणारी डासांची अळी त्याला सहज सापडते. पाण्यात पडलेल्या मुंग्या व किडेही तो खातो. मादी पाणवनस्पतींना व मुळ्यांना थोडी थोडी अंडी चिकटविते. सुमारे दोन आठवड्यांत पिले निघतात. आफ्रिकेतील काही नातलगांची अंडी वाळलेल्या चिखलात महिनोन्‌महिने टिकतात. हा मासा तसा नव्हे. म्हणून विहीर साफ करताना सर्व वनस्पती एकदम उपटू नयेत. थोड्या कडेला राखाव्यात.

डासांसाठी १९२८ साली भारतात आणलेला गॅम्बुसिया इतर माशांची अंडी व पिले खातो. ज्या विहिरीत देशी मासा आहे, तेथे तो सोडू नये. आपला हा मासाही निरुपद्रवी आहे असे नाही! मत्स्यबीजाच्या तळ्यात तो बारीक पिलांवर ताव मारतो. बांधकामावरील उघड्या टाक्यांना मात्र मासा हा उपाय नव्हे. त्या झाकाव्यात, अथवा आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासाव्यात.