बॉनेटची बिजागरी आणि मेकॅनिकलची डिग्री



डिग्री मेकॅनिकलची आणि पोट भरतं सॉफ्टवेअरवर, अशी आपल्यात पुष्कळ मंडळी आहेत. मी त्यातलाच एक. इंजिनिअरिंगला शिकलेलं कुठे वापरायची वेळ येत नाही असं माझं ठाम मत होतं... गेल्या हिवाळ्यापर्यंत.

आमची गाडी म्हणजे 2007 ची जपानी सेदान. दुबईत आलो तेव्हा जुनीच घेतली होती. बरेच दिवस बॉनेट खडखडत होतं. डावीकडची फट बोटभर, उजवीकडे पत्र्याला पत्रा घासलेला. एका गॅरेजला दाखवली. त्यांनी लॅच जरा वर-खाली केला, वीस दिरहम घेतले आणि "खलास!" मीही खूश. बायको म्हणाली, "अरे, अजून वाजतंय बघ." मी रेडिओ मोठा केला. (आमच्या धंद्यात याला वर्कअराऊंड म्हणतात.)

मग एका शुक्रवारी संध्याकाळी शारजाहून परत येताना, वेग शंभरच्या आसपास, मुलगी मागे झोपलेली, आणि बॉनेटची पुढची कड इंचभर उचलली गेली! मुख्य लॅच सुटला होता, फक्त आतला सेफ्टी हूक धरून होता. तो सुटता तर अख्खं बॉनेट काचेवर. हॅझर्ड लावले, ब्रेक न दाबता वेग हळूहळू उतरवला आणि उजवीकडे कडेला आलो. हात थरथरत होते. मुलगी जागीसुद्धा झाली नाही.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या डेंटरकडे गेलो. पेशावरकडचे वयस्कर उस्ताद. त्यांनी लॅचकडे पाहिलंही नाही. बॉनेट अर्धं उघडून काचेकडचा कोपरा धरून हलवला. टक्-टक्. "साब, लॅच का कसूर नहीं. कब्जा घिस गया." कब्जा म्हणजे आपली बिजागरी. डाव्या बिजागरीची पिन झिजली होती, भोक लंबगोल झालं होतं. त्यामुळे बॉनेट एका अंगाला सरकत होतं, आणि पुढचा आकडा लॅचच्या मध्यावर न बसता कडेला टेकत होता. मी इतके दिवस लक्षणावर औषध करत होतो, रोग मागच्या बाजूला!

ती झिजते का? दर वेळी बॉनेट उघडताना सगळं वजन दोन पिनांवर येतं. त्यात इथली वाळू. आपण प्रेमाने ग्रीस थापतो, त्याला वाळू चिकटते आणि पॉलिश पेपरसारखी पेस्ट तयार होते. म्हणून आधी जुनी घाण पुसून काढायची, मग थोडंसंच वंगण, आणि जास्तीचं फडक्याने टिपायचं. गंज सोडवायचा पातळ स्प्रे म्हणजे वंगण नव्हे, हेही लक्षात ठेवा.

उपाय दोन. एक, भोक गोल करून पितळी बुश आणि नवी पिन बसवणे. लेथवाला चांगला असेल तर उत्तम. दोन, बिजागरीच बदलणे. मी शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानांत फिरून जोडी आणली. डावी-उजवी वेगळी असते, जुनी सोबत न्या. दुकानातच हलवून बघा, आणि पुढून ठोकलेल्या गाडीची घेऊ नका, ती वाकलेली असू शकते.

बसवायचं काम उस्तादांनी माझ्याकडूनच करून घेतलं. क्रम असा:

1. माणसं दोन हवीत. एकट्याने बॉनेट सोडलं की काच गेलीच समजा. काचेच्या कोपऱ्यांवर जुने टॉवेल घाला.
2. जुन्या बिजागरीभोवती मार्करने रेघ मारा. वॉशरच्या पाण्याची नळी सोडवा.
3. एका वेळी एकच बाजू बदला. बोल्ट आधी हातानेच, अर्धवट.
4. बॉनेट हळू टेकवा, आपटू नका. दोन्हीकडची फट सारखी करा, मग काचेकडची उंची, मग पुढचे रबरी टेकू. लॅच सर्वांत शेवटी!
5. सगळं जुळल्यावर बोल्ट आवळा, आणि सेफ्टी हूक वेगळा तपासा. मुख्य लॅच सोडल्यावर त्याने बॉनेट धरलंच पाहिजे.

तीन तास गेले. उस्ताद तासाभरात करते, पण त्यांना माझी डिग्री बघायची होती बहुतेक.

इथे नव्या खाजगी गाडीला पहिली तीन वर्षं टेस्ट लागत नाही, नंतर दरवर्षी पासिंग, त्याशिवाय मुल्किया रिन्यू होत नाही. आपण जुन्या गाडीवाले तेवढ्यापुरते जागे होतो. पण पासिंग वर्षातून एकदा आणि मुलं मागच्या सीटवर रोज. म्हणून विनंती एवढीच: येत्या सुट्टीत खाली पार्किंगमध्ये जा, बॉनेट अर्धं उघडा, मागचा कोपरा धरून हलवा. बोटं बिजागरीत घालू नका, नजरेने बघा, कानाने ऐका. टक् वाजलं तर रेडिओ मोठा करू नका.

गावी आजी दर दिवाळीला दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालायची. तेव्हा आम्ही हसायचो... असो.

चू. भू. द्या. घ्या.