चित्र काढणाऱ्या हाताची मजुरी



मसाल्याच्या पाकिटावरचं लेबल, अंगणवाडीतलं गोष्टीचं पुस्तक, दवाखान्यातलं लसीकरणाचं पोस्टर, लग्नपत्रिका, दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ. ही सगळी कामं एकच चित्रकार करू शकते. ती कुठे नोकरीला नसते, तिला महिन्याचा पगार नसतो. काम येईल तसं घ्यायचं आणि त्या कामाचे पैसे घ्यायचे, याला फ्रीलान्स काम म्हणतात. आपल्या गटातल्या काहींच्या लेकी हे शिकतायत आणि आपले गटही लेबल करून घेतात. म्हणून दोन्ही बाजूंनी हे काम समजून घेऊया.

हे काही आजचं खूळ नाही. गोव्यात जन्मलेले चित्रकार दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांनी पुस्तकांची मुखपृष्ठं केली, कथांसाठी चित्रं काढली, आणि १९४५ मध्ये ‘दीपावली’ हा अंकही सुरू केला. पुस्तकाचं चित्र वेगळं, जाहिरातीचं वेगळं. जिला दोन्ही जमतं, तिचं एक काम थांबलं तरी दुसरं चालू राहतं. आपण शेतीला शेळीची जोड देतो, तसंच हे.

आता काम कसं होतं ते पाहू. समजा गटाला मिरची पावडरचं लेबल हवंय. चित्रकार आधी प्रश्न विचारते: माल कुठे विकणार, आठवडी बाजारात की शहरातल्या दुकानात? पाकीट केवढं? मग ती पेन्सिलीने दोन-तीन कच्ची चित्रं काढते. त्यातलं एक ठरलं की कॉम्प्युटरवर पक्कं करते. मालाचं नाव, घटक, निव्वळ वजन, किंमत, तारीख, १४ अंकी फूड लायसन्स नंबर, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, हे सगळं त्यात बसवावं लागतं. ही माहिती गटाने एकदाच, लिहून आणि तपासून द्यायची. छापल्यावर चूक सापडली तर सगळी पाकिटं वाया.

रंगाचंही एक गणित आहे. मोबाइलवर रंग लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशातून दिसतो. छापखान्यात तो निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईतून उमटतो. म्हणून मोबाइलवर झगझगीत दिसलेली मिरची कागदावर थोडी मंद दिसते. छपाईआधी कागदावरचा नमुना मागून घ्या.

मग पैसे किती? पापडाचा भाव काढताना आपण उडीद, तेल, पापडखार धरतो आणि आपलीच मजुरी विसरतो. तसंच इथे होतं. “दोन रेघा तर मारायच्यात” असं म्हणून काम फुकटात मागितलं जातं. एक हिशोब मांडून पाहू. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. तिला घरखर्चाला महिन्याला १८,००० रुपये लागतात. वीज, इंटरनेट, कॉम्प्युटरची दुरुस्ती यांना ६,०००. एकूण २४,०००. पण महिन्यात पैसे मिळतील असे दिवस १२च. बाकीचे काम शोधण्यात, बोलण्यात, बिलाच्या मागे फिरण्यात जातात. म्हणजे एका दिवसाचे २,००० रुपये झाले. लेबलला तीन दिवस लागले तर ६,०००. हा भाव ऐकून आपण दचकतो, पण त्यात तिचे रिकामे दिवसही भरून निघायचे असतात.

म्हणून काम सुरू होण्याआधी एका कागदावर चार गोष्टी लिहा: काम कोणतं, किती वेळा बदल करून मिळतील, इसार किती, उरलेले पैसे कधी. पाचवी गोष्ट हक्काची. पैसे दिले म्हणजे चित्र कायमचं आपलं, असं धरून चालू नका. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचा तर ते लेखी आणि सहीनिशी लागतं. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षंच धरली जाते. उद्या मसाला चालला आणि लेबलवरून वाद झाला, तर हा कागदच कामाला येईल.

ज्यांची लेक या कामात आहे, त्यांनी तिची उद्यम नोंदणी करून घ्यावी. ती मोफत असते. नोंदणी झालेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर व्याज मागता येतं. बिल मात्र तारखेसह हवं.

आणि लेक घरी बसून स्क्रीनवर चित्र काढत असेल तर “रिकामीच आहेस, जरा इकडे ये” असं दर तासाला म्हणू नका. ती कामावर आहे. आपण मशीनवर बसलो की आपल्यालाही कुणी उठवलेलं चालत नाही.

पुढच्या बैठकीत आपल्या मालाचं लेबल समोर ठेवा. ते कुणी काढलं, किती पैसे दिले, कागद आहे का, एवढं विचारा. कागद नसेल तर आताच करून घ्या.