चारही पर्याय बरोबर वाटतात, मग खूण कशावर करायची?

उताऱ्याचा योग्य सारांश ओळखणे हा स्पर्धा परीक्षांमधला दिसायला सोपा आणि हमखास गुण घालवणारा प्रश्न. अभ्यासू मुलेही इथे का फसतात? आणि घरच्या घरी त्याची तयारी कशी करता येते?

सराव परीक्षेची उत्तरे हातात घेऊन मुलगा स्वयंपाकघरात येतो. ''अगं आई, हे बघ. मी निवडलेलं वाक्य उताऱ्यात जसंच्या तसं आहे. तरी चूक दिलीय!'' आई गॅस बारीक करून उतारा वाचते, पर्याय वाचते. वाक्य खरोखरच उताऱ्यात असते. तपासणाऱ्यांचीच काही चूक झाली असावी, असे तिलाही वाटते. मग दोघे मिळून स्पष्टीकरण वाचतात आणि गप्प होतात. जे उत्तर बरोबर म्हणून दिलेले असते, त्या वाक्यातले निम्मे शब्द उताऱ्यात सापडतसुद्धा नाहीत!

स्पर्धा परीक्षेची तयारी चालू असलेल्या घरांना हा प्रसंग नवा नाही. गणितात चूक झाली तर पायरीवर बोट ठेवता येते. भाषेच्या प्रश्नात बोट ठेवायला जागाच दिसत नाही. मग मुले म्हणू लागतात, ''हा प्रश्न म्हणजे नशिबाचा खेळ.'' आणि एकदा का नशिबावर सोडले, की सराव थांबतो.

पण हा नशिबाचा खेळ नाही. इथेही चुकीला कारण असते आणि ते दाखवता येते.

कुठे कुठे गाठ पडते?

व्यवस्थापनाच्या उच्च शिक्षणासाठी आयआयएम संस्था 'कॅट' ही प्रवेश परीक्षा घेतात. तिच्या भाषेच्या विभागात एक छोटा उतारा आणि खाली चार सारांश देतात. उताऱ्याचे सार सर्वांत चांगले कोणत्या पर्यायात आले आहे, ते ओळखायचे. बरोबर उत्तराला ३ गुण आणि पर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकले तर १ गुण वजा. म्हणजे एका चुकीच्या खुणेने प्रत्यक्षात ४ गुणांचे अंतर पडते.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत २०११ पासून 'सीसॅट' हा पेपर आहे. त्यातही उताऱ्याचा गाभा कोणत्या विधानात आला आहे, असे विचारतात. २०१५ पासून हा पेपर फक्त उत्तीर्ण होण्यापुरता झाला. ३३ टक्के मिळाले की पुरे. पण ते ३३ टक्के मिळाले नाहीत, तर दुसऱ्या पेपरात कितीही गुण असले तरी पुढचा रस्ता बंद. याच आयोगाच्या मुख्य परीक्षेतल्या अनिवार्य इंग्रजीच्या पेपरात उताऱ्याचा एकतृतीयांश सारांश स्वतः लिहावा लागतो.

एवढे लांब कशाला जायचे? आपल्या दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत पत्रलेखनाला पर्याय म्हणून सारांशलेखन असते. पत्राचा साचा पाठ करता येतो, सारांशाचा येत नाही. त्यामुळे ज्या मुलाने दहावीत सारांशाला बगल दिली, त्याला तोच प्रश्न काही वर्षांनी नव्या वेषात भेटतो. तेव्हा मात्र बगल देण्याची सोय नसते.

सहावीच्या मुलांची उत्तरे

मुले कुठे चुकतात याचा शोध शंभर वर्षांपूर्वीच सुरू झाला. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९१७ मध्ये, परिच्छेद वाचताना होणाऱ्या चुकांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी मुलांना एक साधा परिच्छेद दिला होता. फ्रँकलिन नावाच्या गावात ७ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाने शाळेला हजर राहिलेच पाहिजे; फक्त मूल फार आजारी असेल, घरात संसर्गाचा आजार असेल किंवा रस्ते बंद असतील तर सूट, असा तो नियम. प्रश्न होता, या परिच्छेदाचा मुख्य विषय कोणता?

सहावीच्या मुलांनी काय लिहावे? कोणी लिहिले 'फ्रँकलिन'. कोणी 'शाळा'. कोणी 'आजारपण'. कोणाला बंद रस्ते महत्त्वाचे वाटले. एकाने तर तो मोठा संशोधक होता असे लिहिले. त्याच्या डोक्यात बेंजामिन फ्रँकलिन आले असणार! आणि परिच्छेद हा शब्द वाचून कोणी उत्तर दिले, की सुरुवातीला अर्धा इंच जागा सोडावी.

हसू येते खरे. पण थॉर्नडाइक यांनी या उत्तरांना वेडगळ म्हणून बाजूला टाकले नाही. त्यांनी दाखवून दिले, की मुलांनी उतारा वाचला होता, शब्दही ओळखले होते. चूक झाली होती ती वजनात. एखाद्या शब्दाला मुलाने गरजेपेक्षा जास्त वजन दिले, तर दुसऱ्याला फारच कमी. त्यांच्या मते परिच्छेद समजून घेणे हे गणित सोडवण्यासारखे काम आहे. योग्य गोष्टी निवडायच्या, त्यांचा एकमेकींशी संबंध लावायचा आणि प्रत्येकीला तिच्या योग्यतेएवढेच वजन द्यायचे. आजच्या परीक्षेत चुकीची खूण करणारा पंचविशीतला पदवीधरही बहुतेक वेळा याच ठिकाणी घसरतो.

एक उतारा सोडवून पाहू

पुढचा उतारा शांतपणे वाचा.

'बंधारे बांधले, चर खणले, झाडे लावली की गावातल्या विहिरींचे पाणी वाढते, हा अनेक गावांचा अनुभव आहे. पण पाणी वाढले म्हणून लोक उसाकडे वळले आणि कूपनलिका अधिकाधिक खोल नेऊ लागले, तर वाढलेले पाणी पुन्हा खाली जाते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पाणी अडवले, त्याबरोबर शेतीसाठी कूपनलिका खणण्यावर बंदीही घातली. दरवर्षी उपलब्ध पाण्याचा हिशेब मांडून त्याप्रमाणे पिके ठरवली.'

आता चार पर्याय :

अ) हिवरे बाजारने शेतीसाठी कूपनलिका खणण्यावर बंदी घातली आणि पाण्याच्या हिशेबाने पिके ठरवली.

आ) ऊस आणि कूपनलिका यांच्यामुळेच गावांत पाणीटंचाई होते, म्हणून सरकारने दोन्हींवर बंदी घालावी.

इ) बंधारे, चर आणि झाडे यांच्यामुळे गावातल्या विहिरींचे पाणी वाढते.

ई) पाणी अडवून वाढवलेला साठा टिकवायचा असेल, तर गावाने त्याच्या वापरालाही शिस्त लावली पाहिजे.

'अ' खरे आहे, शब्दही उताऱ्यातलेच आहेत. पण ते उदाहरण आहे. हिवरे बाजारऐवजी तसेच वागणाऱ्या दुसऱ्या गावाचे नाव घातले, तरी उताऱ्याचे म्हणणे तेच राहील. 'इ'सुद्धा खरे, पण उताऱ्याच्या पहिल्याच वाक्यावर ते थांबते आणि पुढच्या 'पण'पर्यंत पोहोचतच नाही. 'आ' ठसक्यात बोलते, म्हणून पटकन मनात भरते. मात्र 'च' आणि 'सरकारने' हे दोन्ही त्याने पदरचे घातले आहेत. उताऱ्यात ते कुठेच नाहीत. 'शिस्त' हा शब्दही उताऱ्यात नाही, तरीही 'ई' हेच उत्तर. अडवणे आणि वापरणे या दोन्ही बाजू त्यात आल्या, त्यांचा संबंध आला आणि हिवरे बाजारचे उदाहरण कशासाठी दिले होते, तेही आले.

सापळे ओळखा

चुकीचे पर्याय बहुधा या तीन जातींचेच असतात. एक, उदाहरणाला किंवा तपशिलाला सारांश म्हणून पुढे करणारा. दोन, अर्धेच सांगणारा. तीन, उताऱ्यापेक्षा जास्त बोलणारा. 'नेहमी', 'सर्व', 'केवळ', 'मुळीच नाही' असे शब्द घालून लेखकाने न केलेला दावा करणारा. चौथी एक जात आहे आणि ती फार फसवी. ती लेखकाचा सूर बदलते. लेखकाने शंका व्यक्त केलेली असते, पर्याय ती ठाम मत म्हणून मांडतो. लेखक दुसऱ्या कोणाचे मत सांगत असतो, पर्याय ते लेखकाचेच करून टाकतो.

यावर एक साधी युक्ती आहे. वाण्याकडून सामान घरी आले की गृहिणी ते यादीशी ताडून बघते. काय राहिले? काय जास्तीचे आले? पर्यायाला हेच दोन प्रश्न विचारायचे. उताऱ्यातले महत्त्वाचे यात काय राहिले? उताऱ्यात नसलेले यात काय शिरले? दोन पर्यायांत मन अडकले असेल, तेव्हा तर ही ताडणी फारच उपयोगी पडते. प्रश्न 'सर्वोत्तम' सारांशाचा असतो. परिपूर्ण वाक्य शोधत बसायचे नाही. ज्यात सर्वांत कमी राहिले आणि सर्वांत कमी शिरले, ते घ्यायचे.

आणखी एक सवय अंगी बाणवायला हवी. उतारा वाचून झाला की पर्यायांवर हात ठेवायचा आणि एका वाक्यात स्वतःला सांगायचे, 'लेखकाला काय म्हणायचे आहे?' मगच हात काढायचा. आधी पर्याय वाचले, की प्रत्येक पर्याय आपल्याला त्याच्या बाजूला ओढतो. स्वतःचे वाक्य तयार असेल, तर त्याच्या जवळचा पर्याय शोधणे एवढेच काम उरते.

हे वाक्य तयार करणे मात्र सरावानेच येते. अमेरिकेतल्या ॲन ब्राउन आणि जीन डे या संशोधिकांनी १९८३ मध्ये पाचवीपासून महाविद्यालयापर्यंतच्या विद्यार्थ्यांची सारांश करण्याची पद्धत तपासली. अनावश्यक भाग गाळणे पाचवीच्या मुलांनाही चांगले जमत होते. पण परिच्छेदात कुठेही न लिहिलेले मुख्य वाक्य स्वतः रचणे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनाही प्रत्येक वेळी साधत नव्हते. म्हणून आपले मूल इथे अडखळले, तर त्याला 'ढ' ठरवण्याची घाई करू नये.

मराठी माध्यमाच्या मुलांचे काय?

कॅटचा पेपर इंग्रजीत असतो. केंद्रीय पूर्वपरीक्षेचा इंग्रजी आणि हिंदीत. म्हणजे मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाला उताऱ्याचे वजन तोलण्याआधी परक्या भाषेची पोती उचलावी लागतात. सीसॅटमधल्या भाषेच्या या अडचणीवरून २०१४ मध्ये दिल्लीत उमेदवारांनी मोठे आंदोलन केले होते. त्या वर्षी इंग्रजी आकलनाचे प्रश्न गुणवत्ता यादीसाठी धरले गेले नाहीत आणि पुढच्याच वर्षी पेपर उत्तीर्ण होण्यापुरता ठेवला गेला. उमेदवारांची तक्रार अगदीच बिनबुडाची नव्हती.

तरीही मुलांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शब्द अडणे वेगळे आणि वजन चुकणे वेगळे. शब्द अडत असतील, तर रोजच्या इंग्रजी वाचनाला पर्याय नाही. पण वजन चुकत असेल, तर आणखी शब्दसंग्रह पाठ करून काही उपयोग होत नाही. आपण कुठे कमी पडतो, हे पाहायला एक सोपी कसोटी आहे. मराठी वर्तमानपत्रातल्या अग्रलेखाचा एक परिच्छेद घ्या आणि त्याचा सारांश एका वाक्यात लिहा. तिथेही उदाहरणच उतरत असेल, तर दोष इंग्रजीचा नाही. आणि आनंदाची गोष्ट अशी, की तोलण्याची ही सवय मराठीत लागली, की ती दुसऱ्या भाषेतही बरोबर येते.

घरचा सराव

पूर्वी तार करताना शब्दाला पैसे पडत. दहा शब्दांत बातमी बसवताना घरातले कमी शिकलेले माणूसही काय ठेवायचे आणि काय गाळायचे, याचा विचार करी. २०१३ च्या जुलैत तारसेवा बंद झाली, पण तो खेळ घरात खेळायला कोणाची हरकत आहे? रात्री जेवताना मुलांना दिवसातली एक बातमी दहा शब्दांत सांगायला लावा. धाकट्याने पाहिलेल्या सिनेमाची गोष्ट तीन वाक्यांत ऐका. तो मारामारीच सांगत बसला, तर रागावू नका. ''पण मारामारी झाली कशावरून?'' एवढेच विचारा. वाचताना 'पण', 'तरीही', 'मात्र', 'म्हणून' या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारायला शिकवा. उताऱ्याचे वजन बरेचदा याच शब्दांपाशी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला झुकते.

हा सराव फक्त परीक्षेपुरता नाही. डॉक्टर आजोबांना सांगतात, ''ताप उतरला तरी या गोळ्या पाचही दिवस घ्यायच्या.'' सोबत गेलेला नातू घरी येऊन सांगतो, ''ताप आला तर गोळी घ्यायची म्हणाले.'' ताप, गोळी सगळे त्याच्या लक्षात राहिले. फक्त 'तरी' सुटले आणि आजोबांचे औषध दुसऱ्याच दिवशी बंद पडले. तिथे एक गुण वजा होऊन भागत नाही. नातवाने औषधाचा कागद पुन्हा उघडून आजोबांना मोठ्याने वाचून दाखवला आणि विचारले, ''माझ्या सांगण्यात काय राहिलं होतं?'', तर पुढच्या परीक्षेचा पहिला धडा त्याने गिरवला असे समजावे.