फर्माइशीच्या गर्दीत स्वतःचं गाणं

‘रॉक मशीन’ या मुंबईच्या बँडचं ‘इंडस क्रीड’ असं नामांतर कसं झालं, ती गोष्ट या आठवड्यात सांगायचं ठरलं होतं. ती लांबणीवर पडली आहे, कारण वेल्ह्याच्या (आता राजगड तालुका म्हणायचं, पण सवय सुटत नाही) एका वाचकांचं पत्र आलंय आणि त्यांचा प्रश्न या लेखमालेच्या मुळालाच हात घालतो.

ते विचारतात: मेंगाई देवीच्या जत्रेपासून भोर खोऱ्यातल्या वाडीवस्तीच्या यात्रांपर्यंत दरसाल ऑर्केस्ट्रा येतो. पोरं तयारीची असतात. गिटारवाला तर असा वाजवतो की मूळ गाण्यातला बरा की हा, असं वाटावं. मग वर्षानुवर्षं गाऊनही त्यांचं स्वतःचं एक गाणं का नसतं? आणि मुंबईच्या त्या रॉकवाल्या पोरांना ते कसं जमलं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर यात्रा कमिटीच्या वहीत आहे. सुपारी वर्गणीतून जाते, वर्गणी गावाने दिलेली असते, आणि गावाला ओळखीची गाणी हवी असतात. स्टेजवर चिठ्ठ्या येतात, नोटा येतात, त्या ठरलेल्या गाण्यांसाठी. मधेच कुणी ‘हे आमचं नवीन गाणं’ म्हणालं, तर मागच्या रांगेतली माणसं भेळेच्या गाडीकडे वळतात. ऑर्केस्ट्रावाल्याला पुढच्या सालची सुपारीही हवी असते. तो कशाला जोखीम घेईल?

मुंबईत तरी वेगळं काय होतं? धोबी तलावाजवळचं रंगभवन हे उघड्यावरचं सरकारी नाट्यगृह. तिथे १९७८ मध्ये पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली, सॉनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक येऊन गेला. मार्च १९८० मध्ये ‘द पोलीस’ हा इंग्लंडचा बँड मुंबईत वाजला. त्यांना बोलावलं होतं ‘टाइम अँड टॅलेंट्स क्लब’ या स्त्रियांच्या धर्मादाय मंडळाने! फरहाद वाडिया यांनी १९८६ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू केलं, तेही पुढे शेजारच्या रंगभवनात गेलं. पंधरा ऑगस्टच्या आसपास, भर पावसाळ्यात, काळे टी-शर्ट घातलेली हजारो पोरं तिथे चिखल तुडवत उभी असायची.

आणि ही पोरं वेल्ह्याच्या मागच्या रांगेपेक्षा तसूभरही दयाळू नव्हती. त्यांना ‘डीप पर्पल’ हवं असायचं, ‘लेड झेपेलिन’ हवं असायचं, तेही कॅसेटवर होतं तसंच्या तसं. कुणी स्वतःची चाल वाजवायला घेतली की हुर्यो ठरलेली. चिठ्ठीऐवजी आरोळी, एवढाच फरक.

१९८४ मध्ये जमलेलं ‘रॉक मशीन’ही सुरुवातीला दुसऱ्यांचीच गाणी वाजवायचं. महेश तिनईकर आणि जयेश गांधी गिटारवर, पुढे गायला उदय बेनेगल, बासवर मार्क सेल्विन, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया. कॉलेजांचे महोत्सव, मैदानं, सभागृहं, जिथे बोलावणं येईल तिथे ते गेले. परक्या गाण्यांवर त्यांनी आधी विश्वास कमावला आणि त्या विश्वासाच्या आडून स्वतःची गाणी आत सरकवली. १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा अल्बम आला आणि त्यातलं ‘टॉप ऑफ द रॉक’ लोकांच्या तोंडी बसलं.

हे गाणं नीट ऐकलं, तर ते स्टेजच्या मापाने बेतलेलं आहे हे कळतं. सुरुवातीलाच गिटारचा ठसठशीत तुकडा, म्हणजे पहिल्या दोन सेकंदांत ‘हे ते गाणं’ म्हणून ओळख पटते. ताल सरळ, टाळी कुठे द्यायची ते सांगावं लागत नाही. धृपद असं की शब्द न कळणाऱ्यालाही शेवटच्या ओळीत ओरडता येतं. शास्त्रीय कानाला यात फार काही सापडणार नाही, आणि सापडायची गरजही नाही. फर्माइशीच्या गर्दीत टिकायचं असेल तर नव्या गाण्याला पहिल्या ऐकण्यातच जुन्यासारखं वाटावं लागतं. हे कसब स्टुडिओत बसून येत नाही. कुठल्या जागी गर्दी ढिली पडते आणि कुठे पुढे झेपावते, हे शंभरदा बघितलेल्या माणसालाच ते जमतं.

इथे नंदू भेंडे यांना वगळून पुढे जाणं बरोबर नाही. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा ‘वेल्वेट फॉग’, ‘सॅव्हेज एन्काउंटर’, ‘अॅटॉमिक फॉरेस्ट’ अशा बँडांतून इंग्रजी रॉक गायला. १९७८ मध्ये पुण्याच्या थिएटर अकॅडमीने पु. ल. देशपांडे यांचा ‘तीन पैशाचा तमाशा’ जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली उभा केला, तेव्हा त्यातला अंकुश म्हणून तोच उभा राहिला. लावणीच्या शेजारी रॉकचा ठेका, आणि मराठी प्रेक्षक खुर्चीला चिकटून. ‘रॉक मशीन’च्या सहा वर्षं आधीची ही गोष्ट आहे. मराठी माणसाला रॉक पचत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे नाटक बहुधा पाहिलेलं नसतं.

खरं तर फर्माइशीच्या गर्दीत स्वतःचं टिकवल्याचा आपल्याकडे याहून जुना दाखला आहे. नारायणगावला राहुट्या टाकून सुपाऱ्या घेणारा तमाशाचा फड सिनेमाची गाणी वाजवतो, पण वग मात्र फडाचा स्वतःचा असतो. त्याच्या नावावरच गर्दी जमते. ऑर्केस्ट्राने फडाकडून ही एक गोष्ट उचलायला हवी होती.

नव्या गाण्याला आणखी एक अडथळा आहे: रात्रीचे तास. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावरचे लाउडस्पीकर बंद केले आणि इस्पितळं, शाळा-कॉलेजं, न्यायालयांभोवती शंभर मीटरचा शांतता पट्टा आखला. रंगभवन नेमकं त्या पट्ट्यात. काही वर्षांतच तिथला रॉक संपला आणि ‘इंडिपेंडन्स रॉक’ला अंधेरीचं मैदान गाठावं लागलं. राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते, पण ते दिवस सणांतच वाटले जातात. नियम चुकीचा नाही, इस्पितळातल्या रोग्याला झोप हवीच. मात्र पर्यायी जागा न देता मुंबईने नवीन बँडांची तालीमशाळाच बंद केली, हा दोष सरकारचा आहे. यात्रेतल्या ऑर्केस्ट्रालाही याच घड्याळाची कात्री लागते. छबिना उरकून कार्यक्रम उभा राहीपर्यंत नऊ वाजतात. उरलेल्या तासात नवीन गाणं कोण वाजवील?

इंडस क्रीड, १९९३चं नामांतर आणि ‘प्रिटी चाइल्ड’ पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर भोर, वेल्हे, नसरापूर भागातल्या ज्या ऑर्केस्ट्राकडे किंवा बेंजो पार्टीकडे स्वतःचं गाणं असेल, त्यांनी ते कळवावं. ते पहिल्यांदा कुठल्या गावात वाजवलं आणि लोक काय म्हणाले, हेही लिहावं.