नाकातील ‘वाढलेले मांस’ आणि शस्त्रक्रिया

नाक चोंदल्यामुळे रात्री उशाशी बसून काढणारा मनुष्य आरशात पाहतो, तेव्हा नाकपुडीत त्याला तांबूस गोळा दिसतो. ‘मांस वाढले आहे, ते कापून टाकावे’, असे तो ठरवून टाकतो. परंतु पुष्कळदा हा गोळा रोगाने उगवलेला नसून जन्मजात अवयव असतो. प्रत्येक नाकपुडीत बाहेरच्या भिंतीवर हाडाच्या तीन वळ्या असतात. शिंपल्यासारख्या आकारामुळे त्यांना शुक्तिका म्हणतात. त्यांवरील ओलसर अंतस्त्वचा रक्तवाहिन्यांनी भरलेली असून, आत येणाऱ्या हवेला ऊब व ओलावा देणे आणि धूळ अडविणे हे तिचे कार्य होय. बहुतेकांच्या डाव्या-उजव्या शुक्तिका काही तासांच्या अंतराने आळीपाळीने फुगतात व ओसरतात. जर्मन वैद्य कायझर यांनी १८९५ मध्ये याचे वर्णन केले. आपल्या स्वरशास्त्राला ही अदलाबदल फार पूर्वीपासून ठाऊक होती.

खालची शुक्तिका कायमची सुजली म्हणजे त्रास सुरू होतो. वावडे, चुलीचा धूर व धूळ ही नेहमीची कारणे होत. नाकाचा पडदा वाकडा असल्यास मोकळ्या बाजूची शुक्तिका वाढते. आणखी एक कारण आपण स्वतःच विकत आणतो, ते म्हणजे नाक मोकळे करणारे थेंब. ते काही मिनिटांत आराम देतात, पण सुमारे आठवड्याहून अधिक काळ वापरल्यास थेंब उतरताच सूज परत येते आणि बाटली सुटत नाही. अशा रुग्णास प्रथम हवे असते ते थेंब बंद करणे, शस्त्रक्रिया नव्हे. उकळून निववलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने स्टेरॉइडचा फवारा काही आठवडे नियमित घेणे, एवढ्यानेही अनेकांना आराम पडतो.

तरीही अडथळा राहिल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञ शस्त्रक्रिया सुचवितात. विद्युत् किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने अंतस्त्वचेखालील भाग आकसविता येतो. हे बहुधा जागा बधिर करून होते, मात्र कालांतराने सूज पुन्हा येऊ शकते. दुसरी पद्धत म्हणजे अंतस्त्वचा राखून आतील हाड व ऊतक काढणे आणि शुक्तिका बाहेरच्या भिंतीकडे सरकविणे. इटलीत ३८२ रुग्णांवर सहा पद्धतींची तुलना झाली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत हीच जोडपद्धत दीर्घकाळ अधिक उपयोगी ठरली.

संपूर्ण शुक्तिका कापणे आता सहसा टाळले जाते. तसे केल्यास नाक कोरडे पडून खपल्या धरतात, कधी दुर्गंधीही सुटते; काहींना नाक सताड मोकळे असूनही श्वास पुरत नाही असे वाटत राहते. कापलेली शुक्तिका पुन्हा बसविता येत नाही. म्हणून संमती देण्यापूर्वी ‘किती भाग काढणार आणि अंतस्त्वचा राखणार का?’ हे रुग्णाने अवश्य विचारावे.

शिक्षकांसाठी एक गोष्ट: सतत तोंड उघडे ठेवणाऱ्या, घोरणाऱ्या मुलाच्या नाकामागील अ‍ॅडिनॉइड ग्रंथी वाढलेली असू शकते; त्याची तपासणी निराळी असते.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे खपल्या धरतात, तेव्हा मिठाच्या पाण्याने नाक धुवावे. रक्त थांबत नसल्यास त्वरित रुग्णालय गाठावे. वावडे मात्र शस्त्रक्रियेने जात नाही. त्याचे औषध पुढेही चालू ठेवावे लागते.