कुरिअरचा दर ५००, मग बिल ७६७ कसे?

दिवाळीचा फराळ पुण्याहून दिल्लीला पाठवायचा आहे. कुरिअरवाला दर सांगतो ५०० रुपये, पण बिल येते ७६७ रुपयांचे. असे का?

इंधन अधिभार म्हणजे काय?
डिझेल आणि विमानाच्या इंधनाचे भाव सतत बदलतात. त्यामुळे अनेक कंपन्या मूळ दर तोच ठेवून त्यावर ठरावीक टक्के ‘फ्युएल सरचार्ज’ लावतात. ही टक्केवारी इंधनाच्या भावानुसार बदलते.

हिशेब कसा होतो?
समजा, अधिभार ३० टक्के आहे. ५०० रुपयांवर १५० रुपये वाढले. या ६५० रुपयांवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ११७ रुपये. थोडक्यात, अधिभारावरही कर लागतो.

काय करावे?
पार्सल देण्यापूर्वीच ‘सगळे धरून किती?’ असे विचारा. दोन कंपन्यांची तुलनाही त्याच रकमेवर करा.