एक मे की पाच जानेवारी?

बालमित्रांनो, भंडारा जिल्ह्याचं विभाजन होऊन गोंदिया हा नवा जिल्हा कधी झाला, ठाऊक आहे? १ मे १९९९ रोजी. आता ही तारीख आकड्यांत लिहा : ०१/०५/१९९९. आपण वाचणार, एक मे. पण अमेरिकेत आधी महिना लिहितात. तिथली मुलं वाचतील, पाच जानेवारी! झाली की नाही पंचाईत?

आधी गोंदिया, मग स्वातंत्र्य!

आणखी गंमत पाहा. १५/०८/१९४७, २६/०१/१९५० आणि ०१/०५/१९९९ या तीन तारखा नुसती अक्षरं समजून कॉम्प्युटरला क्रमाने लावायला सांगा. तो डावीकडून एकेक आकडा बघतो. शून्य सर्वांत लहान, म्हणून गोंदिया पहिला आणि देशाचं स्वातंत्र्य त्याच्यानंतर!

यावर उपाय म्हणून १९८८ साली आयएसओ ८६०१ हा जागतिक नियम आला. मोठ्याकडून लहानाकडे यायचं : वर्ष, महिना, दिवस, मग तास, मिनिटं, सेकंद. आपण हजार, शतक, दशक, एकक लिहितो ना, अगदी तसंच. १९९९-०५-०१ असं लिहिलं, की क्रम आपोआप बरोबर लागतो.

कोठारातला आकडा

डेटाबेस म्हणजे माहितीचं कोठार. तिथे वेळ बरेचदा एका लांबलचक आकड्यात ठेवलेली असते. १ जानेवारी १९७० च्या जागतिक वेळेतल्या मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले, तो हा आकडा. आपल्याकडे १ मे १९९९ ची तारीख लागली, तेव्हा तो होता ९२५४९७०००. हे कोण वाचणार?

म्हणून एसक्यूएल या भाषेत डेटाबेसला सांगायचं, ‘बाबा रे, नीट लिहून दे.’ ओरॅकल आणि पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी ‘टू-चार’ नावाची आज्ञा आहे, मायएसक्यूएलमध्ये ‘डेट-फॉरमॅट’. सोबत नमुना द्यायचा. ‘टू-चार’च्या नमुन्यात ‘एमएम’ म्हणजे महिना आणि ‘एमआय’ म्हणजे मिनिटं. इथे गफलत केली, तर मे महिन्यातले सकाळचे १०:४५ हे १०:०५ होऊन बसतात!

साडेपाच तासांचा फरक

आपलं घड्याळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे तोच ९२५४९७००० जागतिक वेळेत छापला, तर ३० एप्रिलची संध्याकाळ, साडेसहा! समजा, एखादं बाळ १ मे रोजी पहाटे तीनला जन्मलं. जन्मवेळ अशीच छापली गेली, तर दाखल्यावर ३० एप्रिल येईल. शाळाप्रवेशाचं वय मोजताना एक दिवसही महत्त्वाचा ठरू शकतो, बरं का! म्हणून वेळेच्या शेवटी +०५:३० लिहावं. मग जगात कुठेही शंका उरत नाही.

करून पाहा

घरातल्या सगळ्यांच्या जन्मतारखा आधी आपल्या नेहमीच्या पद्धतीने लिहा आणि पहिल्या आकड्यापासून क्रम लावा. मग वर्ष-महिना-दिवस असं लिहून पुन्हा लावा. पहिल्या यादीत तुम्ही आजोबांपेक्षा मोठे झालात का?